हरवलेल्या जुळ्याची नोंद

आयव्हीएफनंतर दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी होते. दोन भ्रूण सोडले असतील तर कधी पडद्यावर दोन काळ्या पिशव्या दिसतात. प्रत्येकीत जेमतेम सेंटिमीटरभर गर्भ आणि त्यात लुकलुकणारा ठोका. पुढच्या तपासणीला एक ठोका थांबलेला असतो. ती पिशवी आकसत जाते, तिच्यातल्या पेशी शरीरात शोषल्या जातात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास तिथे काही होते हेही ओळखू येत नाही. बहुतेक वेळा आईला काहीच त्रास होत नाही. मग बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या फायलीवर ‘एकच गर्भ’ एवढेच येते. ही नोंद अपुरी आहे, कारण जे बाळ उरले त्याच्या वाढीशी त्या नाहीशा झालेल्या जुळ्याचा संबंध असतो.

डेन्मार्कमध्ये अन्या पिनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आयव्हीएफने एकट्या जन्मलेल्या साधारण दर दहा बाळांपैकी एकाची सुरुवात जुळ्यातले एक म्हणून झाली होती. या बाळांमध्ये वेळेआधी जन्म आणि कमी वजन अधिक आढळले, पण सगळ्यांत सारखे नाही. जुळे आठ आठवड्यांच्या आत गेले असेल, तर धोका वाढलेला दिसला नाही; त्यानंतर गेले असेल, तर दिसला. म्हणूनच ‘सुरुवातीला जुळे होते’ एवढे लिहून भागत नाही, ठोका कोणत्या आठवड्यात थांबला तेही लिहावे लागते.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: ज्या बाईला मुळात दिवस राहायला अडचण होती, तिचे वय, तिचे आजार, तिचे गर्भाशय हीच कमी वजनाची कारणे असतील, बिचाऱ्या जुळ्याला दोष कशाला? याला उत्तर नॉर्वेतून 2017 साली आले. तिथल्या संशोधकांनी एकाच आईच्या, उपचारांनंतरच झालेल्या दोन बाळंतपणांची तुलना केली. आई तीच, तरीही जुळे गमावलेल्या गर्भारपणातले बाळ सरासरी शंभर ग्रॅमहून थोडे अधिक हलके भरले. दोन बाळंतपणांमध्ये आईचे वय वाढते, तब्येत बदलते, त्यामुळे हा पुरावा अंतिम नाही. पण सगळा भार आईवर टाकणारे स्पष्टीकरण त्याने बरेच लंगडे पडते.

दुसरा आक्षेप काळजीचा. इतक्या वर्षांनी कूस उजवणाऱ्या बाईला हे सांगून घाबरवायचे कशाला? शंभर ग्रॅम हा सरासरीतला फरक आहे आणि यातली बहुतेक बाळे निरोगी जन्मतात, हे तिला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवे. पण लपवण्यानेही नुकसान होते. आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीत, नाहीशा झालेल्या जुळ्याच्या वारेतला डीएनए मिसळलेला असू शकतो. त्याच्यातला दोष मग जिवंत, धडधाकट बाळाच्या नावावर चढतो. जुळे होते हे अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरला माहीतच नसेल, तर त्या घराने किती रात्री तळमळत काढायच्या?

खरा प्रश्न मात्र त्याही आधीचा आहे: दोन भ्रूण सोडायचेच का? पैसे भरून पुन्हा पुन्हा अपयश पाहिलेल्या जोडप्याला ‘दोन सोडा’ असे वाटणे अगदी समजण्यासारखे आहे. स्वीडनमधल्या संशोधकांच्या 2004 सालच्या चाचणीत छत्तिशीच्या आतल्या 661 स्त्रिया होत्या. एकदम दोन भ्रूण सोडलेल्या गटात 42.9 टक्के स्त्रियांना मूल झाले. आधी एक आणि गरज पडल्यास नंतर गोठवलेले एक सोडलेल्या गटात 38.8 टक्के. यश थोडे घटले, पण झालेल्या बाळंतपणांतले जुळ्यांचे प्रमाण 33.1 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. या हिशेबात जन्मलेली जुळी मोजली जातात. वाटेत हरवलेली जुळी आणि त्यांच्यामागे उरलेली हलकी बाळे एकेरी जन्मांतच धरली जातात. म्हणजे दोन भ्रूणांची किंमत आपण अजूनही कमी लावतो. आपल्याकडे सरोगसीच्या 2022 च्या नियमांनी सरोगेट मातेसाठी एका वेळी एकच भ्रूण ठरवला आहे, अपवाद फक्त विशेष परिस्थितीचा. स्वतःच्याच पोटात बाळ वाढवणाऱ्या तरुण स्त्रीलाही, चांगला भ्रूण हाती असताना, हाच सल्ला आधी मिळायला हवा, आणि दुसऱ्या खेपेचा खर्च किती येईल तेही पहिल्याच भेटीत कागदावर लिहून मिळायला हवे.