विश्लेषण : बारीक अंगकाठी, तरीही मधुमेह! नागली-ज्वारीकडे परतल्याने धोका टळेल का?

रविवारी सकाळी नाशिकमधील मिसळीच्या एखाद्या ठिकाणी जा. ताटात मटकी, तर्री, फरसाण, दही, पापड, पाव आणि वर जिलेबी. याच शहरात किराणा दुकानांत नागलीचे पीठ 'शुगर'वाल्यांसाठी चांगले म्हणून विकले जाते. पाव, बिस्किटे, नूडल्स आले म्हणून मधुमेह वाढला आणि भाकरीकडे वळलो की तो जाईल, असे अनेकांना वाटते. संशोधन काय सांगते?

मधुमेहाचे प्रमाण किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून, प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्के आहे. आणखी १५.३ टक्के प्रौढ मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. महाराष्ट्राची मोजणी याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात झाली होती. तेव्हा शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह होता.

बारीक माणसालाही मधुमेह का होतो?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. वजन भागिले उंचीचा वर्ग, म्हणजे 'बीएमआय', दोघांचा सारखाच : २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ही चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि रक्तातील साखर वाढत जाते.

वंशानुसार धोका बदलतो का?

हो. इंग्लंडमधील सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये एक अभ्यास झाला. गोऱ्या व्यक्तीला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जितका धोका असतो, तितकाच दक्षिण आशियाई व्यक्तीला २३.९ वरच असतो. अरब वंशाच्या लोकांत हा आकडा २६.६, चिनी वंशाच्या लोकांत २६.९ आणि कृष्णवर्णीयांत २८.१ आहे. म्हणून भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त मानले जाते. पाश्चात्त्य तक्ता पाहून 'मी तर नॉर्मल' म्हणणाऱ्याची इथे फसगत होते.

मग दोष रक्ताचा की ताटाचा?

पिमा या अमेरिकी आदिवासी समाजाचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा एक गट अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात, तर दुसरा मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहतो. दोघांचे पूर्वज एकच. २००६ च्या अभ्यासात अ‍ॅरिझोनातील पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के आढळला, मेक्सिकोतील पिमांमध्ये ६.९ टक्के. मेक्सिकोतले लोक मका, घेवडा, बटाटे खात होते आणि शेतात राबत होते. अनुवंशिकतेमुळे धोका असला, तरी तो प्रत्यक्षात उतरतो तो आहार आणि राहणीमुळे.

म्हणजे भाकरी खाल्ली की झाले?

इथेच गोम आहे. 'इंडियाब'चा आहारावरील अहवाल २०२५ मध्ये आला. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येतात. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतले ५ टक्के उष्मांक डाळी-कडधान्ये किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेणाऱ्यांत मात्र धोका कमी आढळला.

कारण सोपे आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके असतात, पांढऱ्या तांदळात ७८. फरक आहे तो तंतुमय घटकांचा : नागलीत सुमारे ११ ग्रॅम, तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. त्यामुळे साखर सावकाश चढते, पण चढतेच. दोनऐवजी चार भाकरी खाल्ल्या, तर फायदा संपला.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारावर नागली-वरई पिकते. तिथली भाकरी उडीद-कुळथाबरोबर, रानभाज्यांबरोबर आणि दिवसभराच्या कष्टांनंतर खाल्ली जात असे. सातपूर-अंबडच्या कंपनीत आठ तास खुर्चीत बसून आपण त्यातली फक्त भाकरी उचलली, तर जुना आहार परत आला असे होत नाही.

मिसळ सोडायची का?

गरज नाही. मिसळीतली मोड आलेली मटकी प्रथिने आणि तंतुमय घटक देते. घात करतात ते तिसरा-चौथा पाव, फरसाण आणि जिलेबी. मटकी वाढवा, पाव एकावर आणा. घरच्या ताटात अर्धा भाग भाज्या, पाव भाग डाळ-उसळ, दही, अंडी किंवा मासे आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात ठेवा. जेवणानंतर थोडे चाला.

वजनकाट्यासोबत टेपही वापरा. कंबर पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटीमीटरच्या वर असेल, किंवा आई-वडिलांना मधुमेह असेल, तर बारीक असलात तरी तपासणी करा. 'एचबीए१सी' ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. औषधे सुरू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. पीठ बदलले म्हणून गोळी बंद करू नका.