वाणीसंक्षेपाचे मंडल : गुणाकारांचा भार

जीएसएम भ्रमणध्वनीची व्यापारी सेवा १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाली. तिच्या मूळ वाणीसंकेतकात सेकंदाला १,०४,००० बिट शिरतात आणि अवघे १३,००० बाहेर पडतात. मंडलाचा मोठा भार स्वराची आवर्तने शोधण्यात खर्ची पडतो. ४० नमुन्यांचा प्रत्येक खंड मागील नमुन्यांशी ८१ निरनिराळ्या अंतरांवर ताडून पाहावा लागतो. असे खंड सेकंदाला २००. म्हणजे एवढ्यासाठीच ६,४८,००० गुणाकार! म्हणून गुणाकार व बेरीज एकाच स्पंदात उरकणारा घटक येथे अगत्याचा ठरतो. सरकत्या बिंदूचे गणित अभिकल्पकास सुकर खरे. परंतु त्यास मंडल मोठे लागते व विद्युत्घट लवकर रिता होतो. यास्तव १६ बिटांचे स्थिरबिंदू गणित पत्करले गेले. मात्र त्यात बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास ती कमाल मूल्यावरच रोखावी लागते. अन्यथा तिचे चिन्हच उलटते आणि श्रोत्यास खरखर ऐकू येते.