चुकीच्या दाराकडे नेणारे पत्र

नोकरी न मिळणे हे एक दुःख आहे. आणि जी नोकरी आपल्याला मिळणे मुळीच शक्य नाही, तिच्या मुलाखतीला सरकारी पत्र घेऊन जावे लागणे हे दुसरे. पहिल्या दुःखाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. केंद्र सरकारने १९७० साली बेकारीच्या प्रश्नावर भगवती समिती नेमली, १९७३ मध्ये तिचा अहवाल आला, त्यानंतरही अहवालांना खंड पडला नाही. दुसऱ्या दुःखाची मात्र कोठे दाद लागत नाही. किंबहुना सरकारी दप्तरात त्याची गणना कामगिरीतच होत आली आहे. उमेदवाराचे नाव मालकाकडे पाठविले की पाठविलेल्या नावांचा आकडा एकाने वाढतो. ते नाव त्या जागेला साजेसे होते काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सेवायोजन कार्यालयांचा जन्म मुळात सुशिक्षित बेकारांसाठी झालेलाच नव्हता. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ च्या जुलैमध्ये, सैन्यातून मोकळे होणारे जवान आणि युद्धकारखान्यांतील कामगार यांना नागरी जीवनात कामाला लावण्यासाठी ही यंत्रणा उभी राहिली. फाळणीनंतर निर्वासितांचे काम तिच्याकडे आले आणि १९४८ च्या आरंभी तिची दारे सर्वांना खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. मोटार चालवू शकणारा, बंदूक दुरुस्त करू शकणारा, स्वयंपाक करू शकणारा अशी माणसांची वर्गवारी लष्करातून सुटलेल्यांच्या बाबतीत सोपी होती, कारण त्यांचे कसब ठरलेले होते. तीच पद्धत पुढे मॅट्रिक आणि बी. ए. झालेल्या तरुणांना लावण्यात आली, आणि घोटाळ्याचे बीज तेथे पडले. बी. ए. झालेल्या मुलाला काय येते, हे त्याच्या पदवीवरून सांगणे कोणालाही अवघडच.

कार्यालयात नाव नोंदविले की उमेदवाराचे एक कार्ड तयार होई. त्यावर त्याचे शिक्षण, वय, जात-प्रवर्ग आणि व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक लिहिला जाई. हा क्रमांक राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून घ्यावयाचा असतो. त्याच्या आवृत्त्या १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये निघाल्या. वर्गीकरण वाईट नाही. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळपासून लागलेली रांग, समोर एक कारकून आणि प्रत्येकासाठी त्याच्यापाशी असलेली चार-पाच मिनिटे, एवढ्यात माणसाचा क्रमांक ठरावयाचा असेल, तर तो पदवीवरून ठरणार, माणसावरून नव्हे. 'कोणत्याही प्रकारच्या नोकरीस तयार' असे उमेदवारानेच सांगितलेले असते. त्याचेही चुकत नाही. गरजवंताने दुसरे काय सांगावे? पण त्या एका वाक्याने त्याच्या कार्डाला काहीच अर्थ उरत नाही. मग मागणी आली की नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार कार्डे काढली जातात आणि पत्रे टपालात पडतात.

त्यातून जे घडते ते शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घराघरांत ठाऊक आहे. इतिहास-भूगोल घेऊन बी. एड. झालेल्या तरुणीला गणित-विज्ञानाच्या शिक्षकाच्या जागेसाठी पत्र येते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. पत्र येते ते इंग्रजी ३० ची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झालेल्याला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे फिटरचे काम शिकलेला मुलगा टर्नरच्या जागेसाठी कारखान्याच्या फाटकावर उभा राहतो, आणि लेथवर काम केले आहे काय, या पहिल्याच प्रश्नाला त्याची मुलाखत संपते. रसायनशास्त्राच्या पदवीधराला प्रयोगशाळेत बोलावले जाते आणि तेथे गेल्यावर कळते की जागा परिचराची आहे, पात्रता आठवी उत्तीर्ण आहे, व पदवीधर टिकत नाहीत म्हणून ते नकोच आहेत. येथे अधिक शिकणे हाच दोष ठरतो.

यात सगळा दोष कार्यालयाचा धरणे हे मात्र न्यायाचे होणार नाही. मागणीपत्र भरणाऱ्या मालकाकडे पाहिले पाहिजे. 'अनुभव असल्यास प्राधान्य' हे शब्द इतके सोयीचे आहेत की ते लिहिले म्हणजे कोणालाही नाकारता येते. अनुभव कशाचा, किती वर्षांचा, हे मुलाखतीच्या टेबलावर ठरते. मोटारसायकल चालविण्याचा परवाना हवा, फिरतीची तयारी हवी, संगणकावर हिशेब लिहिता आले पाहिजेत, या अटी मागणीपत्रात नसतात. त्या उमेदवार समोर येऊन बसल्यावर प्रकट होतात. शिवाय पुष्कळदा माणूस आधीच मुक्रर झालेला असतो. कागदोपत्री पूर्तता व्हावी एवढ्यासाठी यादी मागविली जाते आणि यादीतील दहा जणांना दहा गावांहून बोलावून परत पाठविले जाते.

कायद्याने या गोष्टीला एका अर्थी मोकळीकच दिली होती. सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) कायदा १९५९ साली झाला आणि १ मे १९६० पासून अमलात आला. सरकारी क्षेत्रातील आस्थापनांनी आणि २५ किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकामी जागा कार्यालयाला कळवावी, असे बंधन त्याने घातले. तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या जागा, शेतीची कामे, घरकाम आणि कार्यालयांतील अकुशल काम यांना त्यातून सूट होती. न कळविल्यास पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही लिहिले होते की जागा कळविली एवढ्यावरून ती कार्यालयामार्फतच भरली पाहिजे, असे मालकावर बंधन नाही. नावात सक्ती होती, पण ती होती फक्त कळविण्याची. हे सामान्य उमेदवाराला कोणी सांगितले नव्हते; तो कार्ड जपून ठेवीत होता, मुदतीत त्याचे नूतनीकरण करून आणीत होता आणि ज्येष्ठतेचा आपला क्रम पुढे सरकतो आहे असे समजत होता.

सरकारी नोकऱ्यांत परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. तेथे कनिष्ठ श्रेणीच्या जागा कार्यालयाने पाठविलेल्या नावांतूनच भराव्यात, असे सरकारी आदेश होते. १९८७ साली हरगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची सक्ती नसल्याचे स्पष्ट केले. सरकारचे हे आदेश मात्र ग्राह्य धरले. म्हणजे कार्डावरचा क्रमांक चुकला असेल, किंवा यादी काढताना कार्ड दुसऱ्या खणात असेल, तर त्या उमेदवाराला सरकारी कचेरीचे ते दार बंद. पुढे १९९६ मध्ये विश्वेश्वर राव प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की कार्यालयाकडून नावे मागवावीतच, परंतु वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि आलेल्या सर्व पात्र अर्जांचा विचार करावा. हा निर्णय उमेदवारांच्या दृष्टीने योग्यच होता. त्याचा एक परिणाम असा झाला की जाहिरात हेच मुख्य दार बनले आणि कार्यालयाची यादी ही एक औपचारिकता उरली. पत्रे मात्र येतच राहिली.

चुकीच्या पत्राची किंमत कोण देतो? पाठविणारे कार्यालय देत नाही, बोलावणारा मालक देत नाही. देतो तो ज्याच्या खिशात सर्वांत कमी आहे तो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होईपर्यंत सिरोंच्याच्या मुलाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे. नंतर गडचिरोली झाले, तरी तेही दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर. नंदुरबार १९९८ मध्ये जिल्हा झाला. त्यापूर्वी धडगावच्या उमेदवाराला सातपुड्याच्या डोंगरांतून उतरून धुळ्याला जावे लागे. सकाळी अकराच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशी निघणे, एस. टी. स्थानकावर रात्र काढणे, उसना इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला बसणे आणि पाचव्या मिनिटाला 'ही जागा आपल्यासाठी नाही' हे ऐकून परतणे. न जावे, तर 'उमेदवार उत्सुक नाही' असा शेरा पडून नाव मागे जाण्याची धास्ती. घरी तर पत्र आल्याची वार्ता आधीच पसरलेली असते. परत आल्यावर 'काय झाले' या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर प्रवासापेक्षा महाग पडते. मुलाने नीट उत्तरे दिली नसतील, असेच शेजारी समजतात. हळूहळू तोही तसे समजू लागतो.

जागाच थोड्या आहेत, कार्यालय तरी काय करणार, असा बचाव केला जातो. तो खोटा नाही. २०११-१२ च्या सुमारास देशभरातील कार्यालयांच्या चालू नोंदवहीत चार कोटींवर नावे होती आणि वर्षाकाठी त्यांच्यामार्फत कामाला लागणारे चार-पाच लाख होते; शंभरात एक, फार तर. (ही चार कोटी माणसे सगळीच बेकार होती असेही नव्हे, नोकरी असूनही अधिक चांगल्या जागेसाठी नाव ठेवणारे आणि अजून शिकणारेही त्यांत असत. उलट, कधीच नाव न नोंदविलेले बेकार त्या वहीत दिसत नसत.) परंतु हा बचाव जागांच्या तुटवड्याचा आहे, चुकीच्या पत्राचा नव्हे. जागा थोड्या असतील, तर योग्य माणूस निवडून पाठविणे अधिक सोपे व्हावयास हवे. आज जागा नाही, असे स्वच्छ उत्तर मिळालेला तरुण दुसरी वाट शोधू शकतो. चुकीचे पत्र त्याला पुढच्या पत्राची वाट पाहावयास लावते, आणि त्यात वर्षे जातात.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९४८ साली सेवायोजनाविषयी ८८ क्रमांकाचा करार केला. भारताने तो १९५९ मध्ये मान्य केला. सेवा विनामूल्य असावी, उमेदवाराची पात्रता, अनुभव आणि इच्छा यांची नोंद घ्यावी, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे, जरूर तर त्याची कुवत तपासावी, आणि योग्य कौशल्य असलेल्यालाच उपलब्ध जागेकडे पाठवावे, ही सर्व कर्तव्ये त्यात आहेत. यांपैकी विनामूल्य नोंदणीचे कलम आपण खरोखर पाळले, आणि त्याचे मोल कमी नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाचे शुल्क एक हजार रुपये होते. त्या मानाने फुकट मिळणारे कार्ड हा उपकारच. पण उमेदवाराशी बोलण्याचे कलम कागदावरच राहिले.

आता कार्ड गेले, खण गेले. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली, महाराष्ट्रात महास्वयं आले, जिल्ह्याच्या कार्यालयांची नावे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे अशी लांबली. नोंदणीसाठी एस. टी. पकडावी लागत नाही, हा लाभ मोठाच. परंतु संगणकालाही शब्दच दिसतात. 'वाणिज्य पदवीधर' एवढे भरले की हिशेबनीसाच्या जागेबरोबर विमा विकण्याची, कर्जवसुलीची, दारोदार फिरून वस्तू खपविण्याची बोलावणी येतात; आणि पूर्वी महिन्यातून एक येणारे चुकीचे पत्र आता दिवसातून तीनदा भ्रमणध्वनीवर येते. रोजगार मेळाव्यात रांग लावून प्रमाणपत्रांच्या प्रती दिल्या जातात. पगाराचा आकडा विचारल्यावर कळते की निम्मा भाग विक्रीचे उद्दिष्ट गाठल्यास मिळणार आहे.

सुधारणा अशक्य कोटीतील नाहीत. मागणीपत्रात लिहिलेली नाही अशी अट मुलाखतीत लावता येऊ नये. कोणाला का नाकारले, हे मालकाने ठराविक दिवसांत लेखी कळवावे आणि ते उमेदवारालाही कळावे. म्हणजे टंकलेखनाचा वेग कमी पडला की अनुभव, हे त्याला समजेल आणि तो वेग वाढविता येईल. आणि पात्रतेशी न जुळणाऱ्या जागेसाठी बोलावले गेल्याचे सिद्ध झाल्यास येण्या-जाण्याचे भाडे मिळावे. ही मागणी जगावेगळी नाही. केंद्र सरकारच्या भरतीत मुलाखतीला येणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या बेकार उमेदवारांना प्रवासभाडे देण्याची तरतूद जुनीच आहे. ज्याच्या चुकीने प्रवास घडला त्याने भाडे द्यावयाचे ठरले, की मागणीपत्रे काळजीने भरली जातील आणि याद्याही काळजीने निघतील.

१९५९ च्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. केंद्र सरकारने ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. सेवायोजन कार्यालयाचे नाव तीत करिअर सेंटर झाले आहे. कळविलेली जागा त्या केंद्रामार्फतच भरण्याचे बंधन मालकावर नाही, हे जुने वाक्य नव्या संहितेतही आले आहे. उमेदवाराच्या एस. टी. च्या तिकिटाविषयी जुन्या कायद्यात काही नव्हते. नव्या संहितेच्या त्या प्रकरणातही नाही.