हरवलेल्या मामांचा शब्दांतून शोध

टेक्स्ट ॲडव्हेंचर हा चित्रांविना चालणारा संगणकीय खेळ. पडद्यावर प्रसंगाचे वर्णन येते, खेळणारा पुढची कृती टाइप करतो आणि तिचा परिणाम पुन्हा शब्दांतच उमटतो. या प्रकाराचा पाया विल क्राउदर यांनी घातला. ते अर्पानेट या संगणकजाळ्यावर काम करणारे प्रोग्रॅमर आणि हौशी गुहासंशोधक होते. घटस्फोटानंतर दुरावलेल्या मुलींसाठी त्यांनी १९७५-७६च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहा ‘ॲडव्हेंचर’ या खेळात शब्दांनी उभी केली. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी त्या खेळाचा विस्तार केला.

सुरुवातीच्या खेळांत खजिना शोधायचा असे. पुढे माणसाचा शोध आला. गॅरेथ रीस यांच्या ‘क्राइस्टमिन्स्टर’मध्ये (१९९५) नायिका भावाला भेटायला एका जुन्या विद्यापीठात पोहोचते, तर भाऊ बेपत्ता. बेपत्ता माणसाची कथा या माध्यमाला मानवते, यामागे ठोस तांत्रिक कारण आहे. संगणकाला वस्तू सांभाळणे सोपे आणि माणूस सांभाळणे फार कठीण. जिवंत पात्राला कोणताही प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याची उत्तरे विषयवार लिहून ठेवली तरी ती कधीतरी संपतातच. बेपत्ता माणसाला उत्तर द्यावे लागत नाही. त्याची खोली, कुलूपबंद पेटी, अर्धवट पत्र हेच त्याच्याविषयी बोलतात.

समजा, कोल्हापूरकडच्या कागलमध्ये गैबी चौकाजवळच्या जुन्या घरातून मामा नाहीसे झाले आहेत आणि भाची त्यांना शोधते आहे. सोपा, माजघर, परडं ही या खेळातली ठिकाणे. कोणत्या दाराने कुठे जाता येते याची नोंद म्हणजे खेळाचा नकाशा. प्रत्येक वस्तूपाशी ती सध्या कशात आहे एवढेच लिहिलेले असते: किल्ली पेटीत, पेटी माजघरात. भाचीने पेटी उचलली की पेटीची एकच नोंद बदलते आणि किल्ली आपोआप तिच्याबरोबर जाते. इन्फोकॉम कंपनीने १९७९मध्ये ‘झी-मशीन’ हा काल्पनिक संगणक आखला, तो साधारण अशाच रचनेवर. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त २५५ वस्तू आणि १२८ किलोबाइटांत सारी कथा मावत असे. एवढ्या जागेत इन्फोकॉमच्या लेखकांनी जी जगे वसवली, त्यांचे मोल आजही कमी होत नाही.

खरी कसोटी असते पार्सरची, म्हणजे आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या भागाची. ‘ॲडव्हेंचर’ला एक किंवा दोन शब्दांच्याच आज्ञा कळत आणि तो शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाहत असे. ज्या पीडीपी-१० संगणकावर तो चाले, त्याच्या स्मृतीच्या ३६ बिटांच्या एका घरात ७ बिटांची पाच अक्षरे बसत. झी-मशीनमध्ये ही मर्यादा आधी सहा, नंतर नऊ अक्षरांवर गेली. इंग्रजीत शब्दाचे शेपूट छाटून फारसे बिघडत नाही, कारण कशाने काय उघडायचे हे शब्दांचा क्रम आणि मधले सुटे शब्द सांगतात.

मराठीत मात्र अर्थ शेपटातच असतो. ‘कुलूप किल्लीने उघड’ आणि ‘किल्लीने कुलूप उघड’ या दोन्ही आज्ञा एकच; साधन कोणते हे ‘ने’ सांगतो. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरतात. पहिली पाच चिन्हे ठेवली, तर ‘किल्ली’ आणि ‘किल्ला’ दोन्हींचे ‘किल्ल’ होते आणि प्रत्यय तर केव्हाच गेलेला असतो. म्हणून मराठी पार्सरने शब्द शेवटाकडून वाचायला हवा: आधी वाक्याच्या टोकाचे क्रियापद, मग प्रत्येक नामाचा प्रत्यय, मग मूळ शब्द. तिथे सामान्यरूप आडवे येते. ‘कुलूप’चे ‘कुलपात’ होते, ‘वाडा’चे ‘वाड्यात’. कोशात दोन्ही रूपे ठेवावी लागतात. ‘वात’ आणि ‘हात’ यांतला ‘त’ सप्तमीचा नसतो, तेव्हा अख्खा शब्द कोशात सापडला तर प्रत्यय सोडवायचा नाही, हा नियम आधी लावायचा. एवढी मेहनत घेतली की मराठी पार्सर शब्दांच्या क्रमावर अडून राहत नाही, आणि हा लाभ मोठा आहे.

उत्तर देतानाही व्याकरण सुटत नाही. दिवा पेटला, मेणबत्ती पेटली, निरांजन पेटले; म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर तिचे लिंग नोंदवावे लागते. मामांसाठी आदरार्थी अनेकवचनाची खूण लागते, नाहीतर संगणक ‘मामा हरवला’ असे म्हणेल. खेळणारी व्यक्ती भाचा की भाची, हेही आधीच ठरवावे लागते, कारण इंग्रजी क्रियापदात दडून राहणारे लिंग ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लगेच उघड होते. कागलच्या बोलीत आणखी एक भर पडते. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे सहज बोलतात. भाचीच्या तोंडची वाक्ये त्या बोलीत ठेवायची, तर निवेदनाचा लिंगनियम आणि तिच्या बोलण्याचा लिंगनियम प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र लिहावे लागतात.