चामड्याची बॅग: कातड्यापासून कडेपर्यंत

चांगल्या हँडबॅगेचे काम कातड्याच्या निवडीपासून सुरू होते. एकाच जनावराच्या कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. जाणता कारागीर पाठीचा तुकडा दर्शनी बाजूला आणि पट्ट्याला लावतो, पोटाचा भाग आतल्या कप्प्यांना देतो. स्वस्त बॅगेचा पट्टा थोड्याच दिवसांत लांबतो, तो बहुधा पोटाच्या चामड्याचा असल्यामुळे.

जाडीतही थर असतात. केसांची सूक्ष्म छिद्रे ज्यावर दिसतात तो वरचा थर सर्वांत मजबूत. गोचिडांचे डाग, काट्यांचे आणि चाबकाचे ओरखडे त्याच्यावरच उमटतात. म्हणून सदोष कातड्याचा पृष्ठभाग घासून त्यावर रंग चढवतात आणि साच्याने नकली रवा उठवतात. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिला, तरी दुकानात तो ‘अस्सल चामडे’ म्हणून विकला जातो. हे खोटे नाही, पण पुरते खरेही नाही.

कच्चे कातडे सडू नये म्हणून आधी त्याला मीठ लावतात. पुढे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात आणि मग ते कमावतात. जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. दक्षिणेत तरवडाच्या सालीचा वापर मोठा होता. सालीतला तुरट अंश कातड्यातल्या तंतूंना धरून बसतो आणि ते कुजेनासे होते. याला आठवडेच्या आठवडे लागतात. असे चामडे ताठ असते, त्यावर नक्षी चांगली उठते आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हे काम दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ असते, पाणी आणि उष्णता अधिक सोसते. आज बाजारातल्या बहुतेक बॅगा त्याच्याच. मात्र क्रोमियमयुक्त सांडपाणी नीट शुद्ध केले नाही, तर त्याची किंमत टॅनरीजवळच्या गावांना मोजावी लागते.

कारखान्यात चामडे आले की आधी फर्मा, म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा. कापणारा माणूस चामडे हाताने चाचपून डाग चुकवत फर्मे मांडतो. त्याच्या हातोटीवर मालकाचा नफा ठरतो, कारण वाया गेलेला तुकडा परत येत नाही. यानंतरचे काम ग्राहकाला कधी दिसत नाही, आणि बॅगेची खरी प्रत तिथेच ठरते. जिथे चामडे दुमडायचे किंवा एकावर एक बसवायचे असते, तिथल्या कडा रापीने किंवा यंत्राने छिलून पातळ करतात. हे टाळले तर घडी फुगते, शिवण वाकडी जाते आणि कोपरा लवकर फाटतो. जास्त छिलले तर तोच कोपरा कागदासारखा दुबळा होतो. किती छिलायचे, हे बोटांनाच कळते.

चिकटवून जोडलेले भाग मग शिवले जातात. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकतात. एक तुटला की पुढचे टाके सुटू लागतात. हाताच्या शिलाईत आरीने भोके पाडून एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि त्या प्रत्येक भोकातून समोरासमोर काढतात. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. वेळ मात्र कित्येक पट जातो, म्हणून महागड्या बॅगांतही हाताचे टाके बहुधा मुठीशी आणि पट्ट्याच्या मुळाशीच असतात. उघड्या कडांना पॉलिशपेपरने घासत रंगाचे अनेक हात द्यावे लागतात. घाई केली की रंगाच्या पापड्या सुटतात. कड्या आणि बकले जस्ताच्या मिश्रधातूची असली तर मुलामा उडतो, पितळ टिकते.

महाराष्ट्रात या धंद्याचे मोठे ठाणे मुंबईतले धारावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी इथे टॅनरी उभ्या केल्या. कमावण्याचे काम पुढे बरेचसे मुंबईबाहेर गेले, पण शिवणकाम राहिले. सायन-वांद्रे लिंक रोडवर चामडी मालाची दुकाने ओळीने आहेत आणि आतल्या गल्ल्यांत, अरुंद जिन्यांवरच्या खोल्यांत पर्स, पाकिटे, पट्टे, बॅगा तयार होतात. कारागिरांत महाराष्ट्रातले चर्मकार आहेत, तसेच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले पुष्कळ. मजुरी बहुधा नगावर मिळते.

गावगाड्यात हे काम जातींवर लादलेले होते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मेलेली जनावरे महारांनी ओढायची, कातडी ढोरांनी कमवायची आणि चांभारांनी मोट, पखाल, वहाणा शिवायच्या. वस्तू गावभर वापरली जाई, करणारा मात्र गावाबाहेर. इंजिन आणि विजेचे पंप आले, तशी मोट गेली आणि शिवणारे हात शहराकडे वळले. 1974 मध्ये राज्य सरकारने चर्मकारांसाठी महामंडळ काढले, तेच आजचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ.

कच्चा मालही कायद्याने आटला. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचे आणि शेळीचे चामडे कायद्याने मोकळे राहिले, तरी कच्च्या मालाची तंगी आणि वाहतुकीतली धास्ती वाढली. कलाकार सुधीर राजभर यांनी याच काळात धारावीतल्या काम गमावलेल्या कारागिरांसह टाकाऊ रबरापासून बॅगा बनवायला घेतले आणि त्या उपक्रमाला मुद्दाम ‘चमार’ हे नाव दिले.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये दाखवल्या, तेव्हा कारागिरांना बोट ठेवायला ते मानांकन होते. धारावीच्या बॅगेपाशी असा आधार नाही. तिथला बराच माल मागणी देणाऱ्या कंपनीचे लेबल लावूनच बाहेर पडतो.