कुंपण कुठे, हवा किती

बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग इंचाइंचाने ठरलेला आहे. दोन बेसमधलं अंतर 90 फूट. चेंडू टाकणाऱ्या पिचरची पट्टी, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. यात सूट देऊन चालणारच नाही. फटका मारून पहिल्या बेसकडे धावणारा फलंदाज आणि क्षेत्ररक्षकाने तिकडे फेकलेला चेंडू यांची शर्यत साधारण चार-साडेचार सेकंदांत संपते. बेस चार पावलं अलीकडे आणला, तर ती शर्यतच उरणार नाही.

बाहेरच्या कुंपणाचं मात्र तसं नाही. 1958 नंतरच्या व्यावसायिक मैदानांसाठी होम प्लेटपासून कडेला किमान 325 फूट आणि मध्यावर 400 फूट असं ठरलं खरं, पण सवलती मिळत गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोचं 2000 साली उघडलेलं मैदान उजव्या कडेला 309 फुटांवरच संपतं, कारण पलीकडे खाडीचं पाणी आहे.

बॉस्टनचं फेनवे पार्क 1912 चं. डाव्या अंगाला रस्ता आडवा आला, त्यामुळे तिथलं कुंपण 310 फुटांवर. अंतरातली ही कसर उंचीने भरून काढली आहे: 37 फुटी हिरवी भिंत, ‘ग्रीन मॉन्स्टर’. उंच उडालेला, दुसऱ्या मैदानावर सहज झेलला गेला असता असा चेंडू इथे भिंतीवरून पलीकडे पडतो आणि होम रन ठरतो. उलट सपाट, सणसणीत फटका भिंतीवर आदळून परत येतो आणि फलंदाजाला दुसऱ्या बेसवर थांबावं लागतं. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला नाही वाटत. भिंतीवरून चेंडू कसा उसळेल हे ओळखणं हेही कौशल्यच आहे, आणि सगळी मैदानं एका साच्यातली केली तर ते हरवेल.

डेन्व्हरचं कूर्स फील्ड मोजायला नुसती फूटपट्टी पुरत नाही. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,580 मीटर उंचावर आहे. वरच्या सज्जात एक अख्खी रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे. ती बरोबर एक मैल उंचीची खूण. इथली हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास 18 टक्के विरळ, म्हणून चेंडूला होणारा रोधही कमी. समुद्रकाठी 400 फूट जाणारा फटका इथे साधारण 420 फूट जातो. हे ओळखूनच 1995 साली कुंपणं मुळातच मागे ठेवली होती: डावीकडे 347 फूट, मध्ये 415, उजवीकडे 350. त्यातून नवीच अडचण उभी राहिली. मैदान इतकं पसरलं की मागच्या तीन क्षेत्ररक्षकांच्या मधे चेंडू पडायला भरपूर जागा झाली. त्यात पिचरचंही नुकसान. फिरत्या चेंडूला वळवणारं मॅग्नस बल हवेच्या घनतेवर अवलंबून असतं, त्यामुळे त्याचे चेंडू इथे कमी वळतात.

उपाय अखेर चेंडूत सापडला. कोरड्या हवेत चेंडूतली ओल उडून जाते आणि असा चेंडू बॅटवरून जास्त उसळतो. 2002 पासून कूर्स फील्डवर चेंडू 50 टक्के आर्द्रता राखलेल्या बंद खोलीत ठेवू लागले, आणि होम रन कमी झाले. 2022 पासून मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या सर्व 30 मैदानांवर चेंडू अशाच आर्द्रता राखलेल्या खोल्यांत सांभाळले जातात.