‘तुमच्याकडं आवाज झाला का?’

दुपारची जेवणं उरकून शिरूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर माणसं जरा आडवी झालेली असतात आणि अचानक धडाम्‌ असा आवाज होतो. गोठ्याचे पत्रे खडखडतात, मांडणीतली ताटं वाजतात, कुत्री भुंकत सुटतात. मिनिटभरात फोन सुरू. ‘‘तुमच्याकडं आवाज झाला का?’’ पलीकडून दौंडचे पाहुणे सांगतात, ‘‘झाला की! आम्हाला वाटलं, कुरकुंभची कंपनीच उडाली.’’ कुणी विहिरीच्या सुरुंगाचं नाव घेतं, कुणी खडी क्रशरचं, कुणी विमानाचं. शेवटी एकजण सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकतो : ‘‘भूकंप तर नाही ना?’’

अशा आवाजामागे बऱ्याचदा विमान असू शकतं. पुण्याजवळ लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं, की पुढची हवा दाबली जाते आणि त्या दाबाची लाट जमिनीपर्यंत येऊन आदळते. 20 मे 2020 रोजी बंगळूरमध्ये असाच स्फोटासारखा आवाज झाला आणि शहरभर भूकंपाची चर्चा पसरली. भूकंपमापकांवर काहीच नोंद नव्हती. तो आवाज हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा असल्याचं नंतर जाहीर झालं. हवेच्या लाटेने तावदानं आणि पत्रे थरथरतात. भूकंपात पायाखालची फरशी हलते, टांगलेला पंखा झोके घेतो, हंड्यातलं पाणी डचमळतं. अर्थात, दख्खनच्या कातळात उथळ, छोटा धक्का बसला तरी गडगडाट ऐकू येतो. त्यामुळे खात्री हवी तर भूकंपमापकाची नोंदच पाहावी लागते.

भूकंपाची शंका मात्र हवेतून आलेली नाही. या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत दोन पहाटा आहेत. पहिली 11 डिसेंबर 1967 ची. कोयनानगरला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. दौंडपासून कोयना दीडशे किलोमीटरवर, तरी हादरा पार पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. धरणात साठलेल्या पाण्यामुळेही जमीन हलू शकते, ही गोष्ट तेव्हापासून महाराष्ट्राच्या बोलण्यात आली. आज उजनी धरणाचा फुगवटा दौंडच्या हद्दीपर्यंत येतो, त्यामुळे तो विषय इथे अधूनमधून निघतोच.

दुसरी पहाट 30 सप्टेंबर 1993 ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी परतली, झोपली आणि 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा परिसर भूकंपाने कोसळला. सरकारी आकड्यानुसार 7,928 मृत्यू झाले.

त्या पहाटेच्या आधीचं वर्ष फारसं कुणाला आठवत नाही. ऑक्टोबर 1992 पासून किल्लारीला छोटे धक्के बसत होते. लोक घाबरून अंगणात झोपले, काहींनी गाव सोडलं. पुढे धक्के थांबले, तशी माणसं परतली आणि त्याच भिंतींच्या आत पुन्हा अंथरुणं पडली. भूकंपप्रवणतेच्या त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तो विभाग 2002 च्या सुधारणेत रद्द झाला आणि लातूर पुण्याबरोबर तिसऱ्या विभागात आलं. हा क्रमांक इमारत किती हादरा सोसेल अशी बांधावी, हे सांगतो. भूकंप कधी येणार याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘पुणे तिसऱ्या झोनमध्ये’ अशी बातमी आली, की वाचणारा मात्र नेमकं ‘कधी?’ हेच विचारतो.

त्या ‘कधी?’चं उत्तर अफवा देते. 15 जानेवारी 1934 च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांच्या तोंडच्या अफवा जमा केल्या. गंगेचं पाणी गायब झालं आणि आंघोळ करणारे वाळूत रुतले, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का येणार, असे एकेक प्रकार. ज्या गावांना हादरा जाणवला पण जिथे पडझड झाली नव्हती, तिथे या अफवा जोरात होत्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे त्याचा अर्थ लावला : भीती तर बसलेली असते, आजूबाजूला तिला साजेसं काही दिसत नाही, मग मन कारण शोधून काढतं. एप्रिल 2015 मध्ये नेपाळला भूकंप झाल्यावर उत्तर भारतात ‘नासाने सांगितलंय’ म्हणत मोठ्या धक्क्याची वेळ मोबाइलवरून फिरली. एखाद्या भूकंपाची नेमकी तारीख-वेळ सांगण्याचं तंत्र नासाकडेच काय, जगात कुणाकडेही नाही.

शिरूर-दौंडही हादरा जाणवतो पण भिंत पडत नाही, अशाच अंतरावर आहे. त्यात किल्लारीनंतर पुण्याचे भूशास्त्रज्ञ व्ही. व्ही. पेशवा आणि विवेक काळे यांनी ‘कुर्डुवाडी रेषे’कडे लक्ष वेधलं. ही रेषा किल्लारीकडून वायव्येला पुण्याच्या दिशेने येते. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गही ढोबळमानाने याच दिशेचा. रेषा म्हटलं की डोळ्यांपुढे जमिनीला पडलेली भेग येते. प्रत्यक्षात नद्यांचे सरळ रेषेतले प्रवाह, उपग्रहचित्रं, भूस्तरांच्या खुणा जोडून ती कागदावर उमटते. ती जागी आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. वरच्या काळ्या पाषाणाने जुने खडक झाकल्यामुळे हे काम अवघड होतं. किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तेव्हा हा थर 338 मीटर जाडीचा निघाला.

किल्लारीला माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन फूट रुंदीच्या भिंती, आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि कपच्या, वर माळवदाचा भार. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला, की हादऱ्याने ते सुटे होतात आणि माळवद खाली बसतं. वाचलेल्यांनी पुढे दगडाचाच धसका घेतला. पुनर्वसनातलं नवं घर सोडून कित्येक जण पत्र्याच्या खोपीत झोपत.

तशीच दगडमातीची धाब्याची घरं शिरूर-दौंडच्या जुन्या गावठाणांत अजून उभी आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे वाढलेल्या नव्या इमारतींच्या शेजारीच. पावसाळ्यात माती भिजते आणि बाहेरचा थर पुढे सरकतो. घरातली म्हातारी माणसं भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘‘पोट सुटलंय तिला.’’ मग लाकडाचा टेकू लागतो, गिलावा होतो, दिवाळीला रंगही चढतो. गवंडी सांगतो, कोपरे उतरवून आरपार दगड घालू, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवू. खर्च ऐकून काम पुढच्या साली ढकललं जातं. आणि एखाद्या दुपारी पुन्हा धडाम्‌ झालं, की घरातले सगळे त्याच भिंतीला टेकून फोन लावतात.